मॅटिनीचं मत

"बरं. आणि खरं?"

एवढंच विचारून बाई गप्प उभ्या राहायच्या. जागा ठरलेली, टॉकीजच्या फाटकाबाहेर, पानाच्या टपरीच्या सावलीत. खांद्याला कापडी पिशवी, हातात पॅड, पेन अंबाड्यात खोचलेलं. समोरचा प्रेक्षक "मस्त आहे", "एकदा बघायला हरकत नाही", "गाणी छान आहेत" असलं काहीतरी टाकून सटकायच्या बेतात असायचा. ते बाई लिहून घ्यायच्याच नाहीत. "बरं," म्हणायच्या, चष्म्यावरून त्याच्याकडे बघायच्या आणि पुढचं विचारायच्या. माणूस घुटमळायचा, हसायचा, आणि मग जे काही बोलायचा त्यासाठी अंबाड्यातलं पेन बाहेर यायचं.

सिनेमा सुटल्यावर बाहेर पडणारी माणसं तुम्ही कधी निरखली आहेत का? बाईंचं म्हणणं असं की, अंधारातून उन्हात आल्यावर थोडा वेळ माणसाला खोटं बोलायला सुचत नाही. डोळे चोळण्यात तो गुंतलेला असतो. एकदा का रिक्षा शोधायला लागला की पुन्हा पहिल्यासारखा होतो. त्या थोड्या वेळात त्याला गाठायचं, हे बाईंचं काम. त्याचा फोटो काढायचा, हे माझं.

आमच्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत नव्या सिनेमावर प्रेक्षकांची मतं छापायची पद्धत होती. पानाच्या कडेला एक उभी पट्टी, त्यात पाच मतं आणि दोन-तीन फोटो. समीक्षण वरच्या मजल्यावरचे विद्वान लिहीत. ते कोण वाचायचं कोण जाणे. ही पट्टी मात्र सगळे वाचायचे, कारण ओळखीचं कुणी निघतंय का, हे बघायची पुणेकरांना हौस. बाई हे काम माझ्याही आधीपासून करत होत्या. कसबा पेठेत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या, तिथून टॉकीजपर्यंत चालत यायच्या. मला कधी नावानं हाक मारली नाही. "अहो फोटोवाले" म्हणायच्या. मी तिशी ओलांडलेला, बायकोमुलांचा माणूस. मला ते आधी टोचायचं, नंतर सवय झाली.

बाईंचा स्वभाव पेठेतला. एकदा एक पेन्शनर गृहस्थ छत्री आपटत आले आणि म्हणाले, "पैसे परत मिळायला पाहिजेत."

"मी मत विचारलंय. तक्रार खिडकीवर."

"हेच माझं मत आहे!"

"मग छापते," बाई म्हणाल्या आणि खरोखरच छापलं. पुढच्या रविवारी ते गृहस्थ अंकाच्या चार प्रती घ्यायला ऑफिसात हजर.

पण बाईंचा एक नियम होता आणि त्यात त्या कुणाचं ऐकत नसत. मॅटिनीच्या प्रेक्षकाचं आडनाव छापायचं नाही आणि फोटो काढायचा नाही. संध्याकाळच्या खेळाला माणूस सांगून येतो, चार माणसं बरोबर घेऊन येतो. मॅटिनीला आलेला माणूस कुठून तरी निसटून आलेला असतो. कुणी ऑफिसातून, कुणी क्लासातून, कुणी घरातून. "त्याला तीन तास मिळालेत, ते त्याला राहू द्यावेत," असं बाई म्हणायच्या. एका बँकेतल्या साहेबांनी तर त्यांना विनवलं होतं, "मत छापा, बाई, पण मी आलोच नव्हतो असं छापा." बाईंनी 'एक प्रेक्षक, कसबा पेठ' असं लिहिलं. ते राहायचे एरंडवण्यात. मॅटिनीला मी कॅमेरा पिशवीत ठेवूनच उभा राहायचो.

त्या वर्षी आमच्या दैनिकाची वेबसाइट निघाली. शहरात संगणकाची लाट आली होती, हिंजवडीच्या बस भरभरून जात होत्या आणि सदाशिव पेठेत जिथे खोली तिथे बाहेरगावची मुलं. ऑफिसात काचेच्या केबिनमध्ये नवे साहेब आले. वयानं लहान, बोलायला गोड, शर्टाच्या बाह्या नेहमी दुमडलेल्या. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. मीही होतो.

"मॅडम, नुसतं 'एक प्रेक्षक, सदाशिव पेठ' याला काही क्रेडिबिलिटी नाही. फुल नेम, कॉलेज, मूळ गाव आणि क्लोजअप. आता आपण अमेरिकेतसुद्धा वाचले जातो."

"मॅटिनीचा माणूस अमेरिकेत वाचला जायला आलेला नसतो हो," बाई म्हणाल्या.

साहेब मनापासून हसले. "पॉलिसी आहे, मॅडम."

एरवी बाईंनी तिथे खुर्ची ओढून तासभर वाद घातला असता. मी त्याची वाटही बघत होतो. पण त्या दिवसांत त्यांचे गुडघे दुखत होते, लिफ्ट बंद होती आणि साहेबांनी त्यांना बसा म्हटलेलं नव्हतं. बाई "बरं," म्हणाल्या. पुढचं काही विचारलंच नाही. जिना उतरताना कठडा धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "दमले हो, फोटोवाले. इतकी वर्षं लोक मला 'छान होता' सांगताहेत." मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, पण वाद टळला म्हणून बरंही वाटलं.

त्याच आठवड्यात एक कॉलेजचा सिनेमा लागला. हलकाफुलका, गोड, कुणाला न दुखवणारा. दोन वेण्या, जाड भिंगांचा चष्मा आणि हातात पुस्तकांचा गठ्ठा अशी एक मुलगी कॉलेजात येते. सगळे तिला हसतात. मग मैत्रिणी तिला धरून पार्लरमध्ये नेतात, एका गाण्यात तिचे केस कापले जातात, चष्मा जातो, उंच टाचा येतात, आणि ती कॉलेजच्या पायऱ्या उतरायला लागली की अख्खं कॉलेज वळून बघतं. शेवटी गॅदरिंग, बक्षीस आणि नायक. बाई पहिल्याच खेळाला बघून आल्या होत्या. स्वतःचं मत त्या कधी सांगत नसत. या वेळी मात्र एवढं म्हणाल्या, "चष्मा काढल्यावर तिला त्या पायऱ्या दिसल्या कशा?"

मॅटिनी सुटली. गर्दी बहुतेक कॉलेजची. संगणक कंपनीतला एक तरुण, गळ्यात ओळखपत्र तसंच लटकलेलं, म्हणाला, "सेकंड हाफ थोडा स्लो आहे, पण ओव्हरऑल मस्त." बरं, आणि खरं? "खरं म्हणजे मी झोपलो होतो. एसी भारी आहे इथला." भाचीला घेऊन आलेल्या एक मावशी म्हणाल्या, "आमच्या वेळी कॉलेजात निदान वर्ग तरी भरायचे. यांच्या कॉलेजात एक प्राध्यापक दिसला तर शपथ." एका मुलाला नायिका वेण्यांतच आवडली होती, पण हे त्यानं मित्र पुढे गेल्यावर बाईंच्या कानाशी येऊन सांगितलं.

मग ती मुलगी आली. एक लांब वेणी, गोल चष्मा, बरोबर तीन मैत्रिणी. यवतमाळकडची, सदाशिव पेठेत कॉट घेऊन राहणारी, संगणकाचा कोर्स करणारी. क्लास बुडवून आली होती आणि ते लपवायचंही तिला सुचत नव्हतं, इतकी ती हसत होती.

"एकदम मस्त पिक्चर, मॅडम!"

"बरं. आणि खरं?"

"खरं सांगू? या पोरीला अख्ख्या पिक्चरमध्ये घरून एकदाही फोन येत नाही. मला तेच सगळ्यात आवडलं. किती सुखी आहे ती!"

मैत्रिणी खिदळल्या. बाईंचं पेन बाहेर आलं. मुलगीही हसली आणि मग बोलत राहिली, "मला रोज येतो ना. मालकीणबाईंच्या हॉलमध्ये. मी फोन घेतला की त्या टीव्हीचा आवाज बारीक करतात आणि सगळं घर माझ्याकडे बघत बसतं. मग मी आपली हो, नाही, जेवले, ठेवते. बाबांशी बोलायचं राहूनच जातं."

या वाक्यांना कुणी हसलं नाही. बाईंनी तीही लिहून घेतली. मग साहेबांच्या पॉलिसीप्रमाणे पूर्ण नाव, कॉलेज, गाव. मुलीनं आनंदानं सांगितलं. मी कॅमेरा काढला तशी म्हणाली, "थांबा, चष्मा काढते. पिक्चरमधल्यासारखा." चष्मा काढल्यावर तिला कॅमेरा कुठे आहे तेच दिसेना. भलतीकडेच बघून हसत राहिली. फोटो छान आला.

शनिवारी पान लावताना खाली त्याच सिनेमाची जाहिरात वाढून आली आणि मतांची पट्टी आखूड झाली. हे नेहमीचंच होतं. प्रत्येक मताला तीन ओळी, त्यात बसेल तेवढं ठेवायचं. एरवी बाई एकेका ओळीसाठी पान लावणाऱ्याशी भांडायच्या. त्या दिवशी उभ्या उभ्या कात्री चालवली. मुलीच्या मतातलं पहिलं वाक्य चटपटीत होतं, वाचणाऱ्याला हसवणारं होतं. ते ठेवलं. मालकीणबाई, हॉल, बाबांशी बोलायचं राहून जातं, हे गेलं. रविवारी अंकात आणि वेबसाइटवर छापून आलं ते एवढंच: 'या नायिकेला घरून एकदाही फोन येत नाही, तेच मला सगळ्यात आवडलं. किती सुखी आहे ती!' वर पूर्ण नाव, गाव आणि बिनचष्म्याचा फोटो.

त्याच आठवड्यात एके सकाळी एक गृहस्थ बाईंना शोधत आले. एसटीतल्या कंडक्टरचा खाकी शर्ट, हातात पिशवी, रात्रभराच्या प्रवासानं डोळे लाल. ते तिचे वडील होते. मला वाटलं, आता बोलाचाली होणार. बाईंनाही तेच वाटलं असावं, कारण त्या आधीच उठून उभ्या राहिल्या.

"भांडाले नाई आलो जी," ते म्हणाले. "फक्त विचाराले आलो. हे माया पोरीनं सांगतलं ना? तुमच्या मनचं नाई ना?"

"तिनंच सांगितलं," बाई म्हणाल्या.

त्यांनी मान हलवली. आम्ही त्यांना बसवलं, चहा मागवला. हळूहळू बोलायला लागले. त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरचा मुलगा हिंजवडीला होता. त्यानं गावी कळवलं की काकांची मुलगी इंटरनेटवर आली आहे. "म्या डेपोत पेढे वाटले जी. मंग आमी सगळे ष्टँडासमोर सायबर क्याफेत गेलो. ड्रायवरनं मोठ्यानं वाचलं." पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. मला त्या कॅफेत उभी असलेली, हातात पेढा धरलेली माणसं दिसली आणि मी कप खाली ठेवला.

"पोरगी पुण्याले आली म्हनून घरी फोन घेतला," ते म्हणाले. "दिवसभर गाडीत बोलतो जी. तिकीट घ्या, पुढं सरका, सुट्टे द्या. ते काई बोलनं नाई. घरी आलो का तिले फोन लावतो. तिचा आवाज आयकला का झोप लागते. तिले तरास होते, हे माया ध्यानातच नाई आलं."

बाई पुढे झुकल्या. "अहो, तिनं आणखी सांगितलं होतं. तुमच्याशी नीट बोलता येत नाही, घरमालकांच्या सगळ्या घरासमोर बोलावं लागतं, म्हणून ती तसं म्हणाली. ते माझ्या हातून कापलं गेलं. जागा नव्हती."

ते बाईंकडे बघून हसले. अगदी समजूतदार हसू होतं, आणि ते बघून बाई आणखीच कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"तुमी भल्या बाई दिसता जी. माई समजूत घालता. पन छापलं ते खरं असते. आमी तिकडं तसंच मानतो."

जाताना त्यांनी बाईंना बजावलं, "तिले काई सांगू नका. तिले माईत नाई म्या वाचलं ते. तिले शिकू द्या. मी तिले फक्त लाडू द्याले आलो म्हनतो. तिले फोन लावनं आता बंद करतो." दारापाशी थांबले आणि मला म्हणाले, "फोटो तुमी काढला का? चष्मा काहून काढला तिनं? दिवाळीले नवा करून देल्ला होता."

बाई त्यानंतर आठ-दहा दिवस साहेबांच्या काचेच्या केबिनपुढे उभ्या राहत होत्या. त्यांचं मागणं साधं होतं. कापलेली वाक्यं पुढच्या रविवारी छापावीत आणि वेबसाइटवरून मुलीचं नाव काढावं. साहेब गोडच बोलत होते. "मॅडम, बातमीला करेक्शन असतं. ओपिनियनला कुठलं आलं करेक्शन? आणि तो पीस किती वाचला जातोय बघा." नाव काढण्याचं ते टेक्निकल टीमला सांगणार होते. टेक्निकल टीम म्हणजे एक मुलगा होता आणि तो रजेवर होता.

शेवटच्या दिवशी बाई केबिनमधून बाहेर आल्या, पॅड माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे आता माझं काम नाही." रागावलेल्या नव्हत्या. दळणाचा डबा खाली ठेवावा तसं त्यांनी ते पॅड ठेवलं. पुढे त्या जागी तारे आले. सिनेमा बघितलेल्यानं, न बघितलेल्यानं, कुणीही माउसनं तारे द्यावेत, नाव सांगू नये, खरं मत तर मुळीच सांगू नये. बाई आता हयात नाहीत. त्यांच्यामागे तसं विचारणारं मला कुणी भेटलं नाही आणि याचं मला अजूनही वाईट वाटतं. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी बाई जिना उतरून, कॉलेजातून मिळवलेला मुलीचा पत्ता हातात धरून, थेट सदाशिव पेठेकडे चालायला लागल्या आणि मी त्यांच्यामागे निघालो.

मालकीणबाईंनी दाराची साखळी न काढताच विचारलं, "भेटायची वेळ पाच ते सहा. पाटी वाचली नाहीत का?"

"वाचली. अक्षर छान आहे," बाई म्हणाल्या. "यवतमाळच्या मुलीला बोलवा."

"बोलावते. हल्ली तिचा फोन नाही येत, तेवढी शांतता आहे. आमची मालिका सलग बघायला मिळते."

मुलगी खाली आली. बाईंना बघून हसली, पण टॉकीजच्या फाटकातली ती हीच का, असं मला वाटलं. बाई तिला रस्त्यावर घेऊन आल्या आणि विचारलं, "घरून फोन येतो का गं?"

"नाही ना. बाबा मध्ये अचानक येऊन गेले. लाडू दिले, चष्मा लावत जा म्हणाले आणि गेले. तेव्हापासून बंदच आहे. मला वाटलं, बिल जास्त आलं असेल. एकदा मी इथूनच लावला. बाबा म्हणाले, 'जेवली ना? मंग ठेव, अभ्यास कर.' सगळे बसले होते समोर. मी काय विचारणार?"

"त्यांनी तुझं मत वाचलंय," बाई म्हणाल्या. "तू बोललीस त्यातलं अर्धंच मी छापलं. कारण सांगितलं होतंस, ते कापलं. तुला सांगू नका म्हणाले होते. मी सांगतेय."

मुलगी रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "बाबांनी? वाचलं?" आणि बंद दुकानाच्या पायरीवर खाली बसली. येणारे-जाणारे बघत होते. बाईंनी स्वतःच्या पदरानं तिचा चष्मा पुसून परत तिच्या डोळ्यांवर चढवला. "मी सांगून बघितलं गं त्यांना," म्हणाल्या, "माझ्यावर नाही विश्वास बसत त्यांचा. तुझ्यावर बसेल. ऊठ."

कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता. आत एक माणूस मावेल एवढी काचेची खोली, फोन आणि लाल आकड्यांचं मीटर. मुलगी दाराशी थबकली.

"मॅडम, मी काय बोलू?"

"ते मला नको सांगूस."

ती आत गेली. दार नीट लागत नव्हतं. बाईंनी बाहेरून खांदा लावून ते लावून घेतलं आणि तिथेच काचेला पाठ टेकून उभ्या राहिल्या. मागे रांग होती. पुढचा माणूस घड्याळ बघत म्हणाला, "अहो, किती वेळ?"

"लागेल वेळ," बाई म्हणाल्या. "पुढच्या चौकात दुसरा बूथ आहे."

तो कुरकुरत गेला. आत मुलगी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभी असणार. मी वळून बघणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "अहो फोटोवाले, तिकडे बघू नका." आम्ही दोघंही रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो. मग एकदम, मोठ्यानं, भांडल्यासारखा तिचा आवाज आला, "ठेवू नका ना, बाबा! इथे कोणी नाही, मी एकटीच आहे. तुम्ही बोला."

बाईंनी डोळे मिटले. मग गुडघ्यावर हात ठेवून, ऐकू येऊ नये म्हणून, काचेपासून आणखी थोड्या लांब जाऊन उभ्या राहिल्या.